हेल्पर कुणाला म्हणता, शेठ?

शेठ,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम’ लिहायची रीत आहे. ती मी पाळत नाही, कारण प्रेम नाही. नमस्कार तेवढा घ्या.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. मुळशी तालुक्यातल्या पिरंगुट, कासार आंबोली, उरवडे, घोटवडे या पट्ट्यात शेडला लागून शेड उभी आहे आणि त्यातल्या बहुतेक शेडना माणसं पुरवणारा कुणी ना कुणी आहे. हजेरी खरी लिहिणारे, पगार वेळेवर खात्यात टाकणारे ठेकेदारही मला माहीत आहेत. हे पत्र त्यांना नाही. उरलेल्यांपैकी वाचून ज्याला राग येईल, त्याने ते आपल्यालाच आलंय असं खुशाल समजावं.

मी कासार आंबोलीत राहतो. आसपासच्या भाड्याच्या खोल्यांतली मुलं कागद घेऊन माझ्याकडे येतात. कुणाचा पीएफ अडकलेला असतो, कुणाच्या आधार कार्डावर नाव चुकलेलं असतं, कुणाला नव्या कंपनीत अर्ज करायचा असतो. तुमची माझी भेट क्वचितच झाली असेल, पण तुमचे शिक्के मी बरेच पाहिले आहेत आणि शिक्क्यांवरून माणूस कळतो.

बिहारमधल्या सिवानकडचा एक मुलगा घ्या. आयटीआय झालेला टर्नर. एनसीव्हीटीचं प्रमाणपत्र त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घडी न पाडता जपून ठेवलंय. राजकोटला काम केलं, फरिदाबादला केलं, मग इकडे आला. आज तो सीएनसी लेथवर उभा असतो. ड्रॉइंग वाचतो, जॉब लावतो, ऑफसेट देतो, इन्सर्ट झिजला की आवाजावरून ओळखतो आणि बदलतो. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग बघून माल पास करतो. त्याचा हात चुकला तर अख्खी बॅच रिजेक्ट होते, म्हणून सुपरवायझर रात्रपाळीला त्यालाच मागून घेतो. आणि तुमच्या मस्टरवर त्याच्या नावापुढे काय आहे? हेल्पर. पगारपत्रकावर काय? अकुशल.

शेठ, अकुशल माणसाच्या हातात तुम्ही लाखोंचं मशीन देता? कंपनी देऊ देते? तुम्हाला माहीत आहे तो काय करतो, कंपनीलाही माहीत आहे. ते माहीत नसल्यासारखं फक्त कागदावर दाखवायचं, आणि पगार मात्र कागदाप्रमाणे द्यायचा, हा तुमचा धंदा आहे. कंपनीला लावलेल्या बिलात तुम्ही त्याचा दर ऑपरेटरचा लावलाय की हेल्परचा, हे एकदा त्याला दाखवाल का? बिल आणि पगारपत्रक शेजारी शेजारी ठेवायची तुमची तयारी असेल, तर मी हे सगळं पत्र मागे घेईन.

दुसरी एक मुलगी, हिंगोलीकडची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर इकडे आली. मल्टिमीटर हातात धरणारी ही मुलगी खोक्यांवर लेबलं चिकटवते. तिने तुमच्या माणसाला डिप्लोमाचं सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, ‘पुण्यातला अनुभव आहे का?’ पुण्यातला अनुभव पुण्यात कुणी काम दिल्याशिवाय कुठून येणार, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, आणि उत्तर द्यायला तो थांबलाही नाही. बायकांना पॅकिंग, पुरुषांना लोडिंग आणि ज्याला येतं त्याला मशीन, पण नाव सगळ्यांचं हेल्परच. तुमची भरती इतकी सोपी आहे.

आता कायद्याचं बोलू, कारण तुम्ही तो माझ्यापेक्षा चांगला जाणता. महाराष्ट्रात किमान वेतन कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा तीन वर्गांत ठरतं, आणि त्यावरचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. भत्ता तिन्ही वर्गांना सारखाच. म्हणजे कुशल आणि अकुशल यांच्यात सरकारी कागदावर फरक पडतो तो मूळ वेतनापुरता, आणि तो फार मोठा नसतो. मला आधी वाटायचं की तुम्ही त्या थोड्या पैशांसाठी हेल्पर लिहिता. आता तसं वाटत नाही. खरा फायदा वेगळा आहे. मस्टरवर टर्नर लिहिलं की तो टर्नरच्या बाजारभावाने बोलायला लागेल आणि दुसरीकडे गेला तर टर्नर म्हणून जाईल. हेल्पर लिहिलं की तो कुठेही गेला तरी हेल्पर. पाच वर्षं मशीन चालवून तो गेटबाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात पाच वर्षांचं काहीच नसतं. ती पाच वर्षं तुम्ही ठेवून घेतलेली असतात.

मला सर्वात जास्त चीड याची येते. पगार बुडवला तर माणूस भांडू शकतो, रक्कम मोजता येते, लेबर ऑफिसात तक्रार लिहिता येते. कसब बुडवलं तर तक्रार कशाची लिहायची? आकडा कोणता टाकायचा?

आणि हे घाव स्थलांतरिताला सर्वात खोल बसतात. इथल्या मुलाला कागद नसला तरी माणूस असतो. मामा कुठल्यातरी कंपनीत असतो, चुलता ग्रामपंचायतीत असतो, आयटीआयचे सर बसस्टॉपवर भेटतात. ‘हा आपलाच पोरगा, मशीन चांगलं चालवतो’ असं कुणीतरी बोलतं आणि काम होतं. सिवानच्या पोराला इथे कोण ओळखतं? त्याच्या गावी त्याला ओळखणारी हजार माणसं असतील, त्यांतलं एकही पिरंगुटच्या गेटवर बोलायला येणार नाही. त्याच्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार असतो, कागद. त्या साक्षीदाराच्या तोंडी तुम्ही खोटी साक्ष घातली आहे.

पीएफचं पासबुक काढून बघतो तर तिथेही तुमचीच कारागिरी. काही महिने एका आस्थापनेचं नाव, मग रिकामे महिने, मग दुसऱ्या आस्थापनेचं. मशीन तेच, शेड तीच, सुपरवायझर तोच, फक्त ठेकेदाराची फर्म बदललेली. एक तुमच्या नावावर, एक भावाच्या, एक मेव्हण्याच्या. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षातले २४० दिवस भरले की सलग सेवा धरत, म्हणून सातव्या महिन्याच्या आसपास ‘ब्रेक’ द्यायची पद्धत पडली. महाराष्ट्रात कंत्राटी कामगार कायदा पूर्वी २० माणसांपासून लागायचा, पुढे राज्याने ती मर्यादा ५० केली, आणि ज्याला कायदा नको होता त्याच्या एका फर्मच्या दोन झाल्या. पासबुकात पैसे कुठून आले ते दिसतं. माणूस काय काम करत होता, ते तिथे लिहिलेलं नसतं. नव्या कंपनीचा एचआर ते बघून विचारतो, ‘इतक्या नोकऱ्या का सोडल्या?’ त्याने एकही सोडलेली नसते.

तुम्ही म्हणाल, अनुभवाचा दाखला कुणी मागितलाच नाही. मागितला, शेठ. मी स्वतः अर्ज लिहून दिलेत. तुमच्या ऑफिसातून उत्तर आलं, ‘आम्ही असा दाखला देत नाही.’ ‘देत नाही’ म्हणणं तुमच्या मर्जीवर नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत कामावर घेतल्यावर कार्ड आणि काम संपल्यावर सेवा प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी ठेकेदाराचीच होती. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात फोटोसकट पासबुक द्यायचं होतं, सारख्या कामाला सारखा पगार द्यायचा होता, वर विस्थापन भत्ता द्यायचा होता. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एकाच्याही हातात ते पासबुक मी पाहिलेलं नाही. हे जुने कायदे आता नव्या संहितांत गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची संहिता लागू झाली आहे. तिच्या ५६ व्या कलमात म्हटलंय की कंत्राटी कामगाराने मागितल्यास ठेकेदाराने अनुभव प्रमाणपत्र द्यायचं, आणि त्यात त्याने केलेल्या कामाचा तपशील लिहायचा. केलेल्या कामाचा, शेठ. मस्टरवर टाकलेल्या पदाचा नाही. ऑपरेटरचं काम केलं असेल तर ऑपरेटर लिहायचं. या कलमाला तुम्ही घाबरायला हवं. तुम्हाला ते ठाऊक असेल आणि तरीही कुणाला सांगत नसाल, तर तुम्ही घाबरलाच आहात.

मार्च २०२० आठवतो का? टाळेबंदी लागली आणि तुमचे फोन बंद झाले. खोल्यांत माणसं, रेशन नाही, परत जायला गाडी नाही. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करून मध्य प्रदेशातल्या घरी निघाले होते. त्यानंतर ९ जून २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं की गावी परतलेल्या मजुरांची नोंद ठेवा, त्यांना कोणतं काम येतं आणि आधी ते कुठे होते ते लिहा. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ही यादी नव्याने करायला सांगावी लागली, कारण ज्यांच्याकडे ती असायला हवी होती त्यांनी ती कधी केलीच नव्हती. ती यादी तुमच्याकडे असायला हवी होती. पुढच्या वर्षी ई-श्रम पोर्टल आलं, कोट्यवधी लोकांनी नावं घातली. मीही कित्येकांची भरून दिली. व्यवसायाच्या रकान्यात काय टाकायचं असं विचारलं की मुलं क्षणभर थांबतात. एकाने विचारलं, ‘जे येतं ते टाकू की जे लिहिलंय ते?’

उरवड्याचंही बोललं पाहिजे, कारण ते गाव इथून जवळच आहे. ७ जून २०२१ ला तिथल्या रासायनिक कारखान्याला आग लागून १७ कामगार गेले, बहुतेक बाया. मृतदेह ओळखायला डीएनए चाचणी करावी लागली. कुणाला कशाचं प्रशिक्षण होतं, कुणाला कोणत्या कामावर उभं केलं होतं, याची खरी नोंद प्रत्येक शेडमध्ये असणं का गरजेचं आहे, हे या तालुक्यात तरी पुन्हा समजवावं लागू नये.

आता तुमचा आवडता मुद्दा. ‘तुम्ही परप्रांतीयांची बाजू घेता, आपल्या पोरांचं काय?’ हे तुम्ही गावच्या बैठकीत बोलता आणि लोक माना डोलावतात. मग आपल्या पोरांचंच बघू. पौडचा एखादा आयटीआय झालेला मुलगा तुमच्याकडे येतो, टर्नरचा पगार मागतो. तुम्ही त्याला सांगता, ‘बिहारी तेच काम हेल्परच्या पगारात करतो.’ म्हणजे सिवानच्या पोराचं कसब कागदावरून पुसलंत आणि त्या पुसलेल्या भावाने पौडच्या पोराचं कसब विकत मागितलंत. दोघांच्या मधे उभे राहून दोघांकडून तुम्हीच कापून घेता. राज्याच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांत ८० टक्के स्थानिक घ्यायचं धोरण कैक वर्षं आहे, आणि त्यात महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला माणूस स्थानिक धरतात. हिंगोलीची ती मुलगी त्या व्याख्येत पुरी बसते. तुमच्या गेटवर मात्र तीही ‘बाहेरची’. तुमच्यासाठी स्थानिक म्हणजे ज्याचा कुणीतरी इथे ऐकून घेण्यासारखा आहे, एवढंच.

‘उद्या पाचशे रुपयांसाठी पळून जातात, त्यांना कशाला दाखले द्यायचे?’ हेही ऐकलंय. जातात. पाचशे रुपये त्यांच्या घरी मोठे असतात. ज्याला इथे टर्नर म्हणून राहता आलं असतं तो हेल्पर म्हणून राहत नाही, यात पळून जाण्यासारखं काय आहे? आणि कंपनीला स्वस्त माणूस हवा असतो हेही खरं आहे. कंपन्या यात धुतल्या तांदळासारख्या नाहीत. मशीनवर कोण उभा आहे हे प्लँटच्या मॅनेजरला रोज दिसतं, तो बिल पास करतो आणि नजर खाली घालतो. पण हजेरीवरचा शब्द तुम्ही लिहिता, म्हणून पत्र तुम्हाला.

शेठ, तुम्ही मुळशीचे आहात. म्हणून जुनी गोष्ट काढतो, तुमच्या घरातही ती सांगितली जात असेल. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, पुढे सेनापती बापटांनी तो पेटवला, तुरुंग भोगला. १९२४ पर्यंत लढा चालला आणि हरला. मुळा-निळेची खोरी पाण्याखाली गेली, मुंबईच्या गिरण्यांना आणि गाड्यांना वीज मिळाली. जमिनी गहाण घेऊन बसलेले सावकार मोबदल्याच्या वाटाघाटीत पुढे होते, कसणारा मागे राहिला. त्या कसणाऱ्याला काय येत होतं? उतारावर बांध घालून पाणी अडवायचं, आंबेमोहोर पिकवायचा, पावसाचा अंदाज घेऊन रोप काढायचं. पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान. तो मुंबईत, पुण्यात पोट भरायला गेला तेव्हा ते ज्ञान कुणी विचारलं नाही. त्याच्या डोक्यावर ओझं ठेवलं आणि त्याला हमाल म्हटलं. या तालुक्यातली कितीतरी घरं त्या हमालीवर उभी राहिली. सावकार आणि कसणारा यांच्यात आज तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात, हे तुम्हाला सांगायला लागू नये. आजोबांचं कसब पाण्याखाली गेलं म्हणून आपण आजही हळहळतो. मग सिवानवरून आलेल्याचं कसब तुमच्या मस्टरखाली जातं, त्याचं काहीच वाटत नाही?

तुमच्या घरातला कुणी कॅनडाला जायची तयारी करत असेल, तर त्याला विचारा. तिथे आपल्या मुलांना कित्येक वर्षं एकच प्रश्न घेरून होता, ‘कॅनडातला अनुभव आहे का?’ पुण्यात पदवी घेतलेले इंजिनिअर या प्रश्नापायी टॅक्सी चालवत होते, गोदामांत माल उचलत होते. इथे त्यांच्या आया तो अपमान फोनवर ऐकून रडत होत्या. हा अन्याय आहे असं तिथल्या लोकांनी मानलं. ओंटारियोच्या अभियंता संघटनेने २०२३ मध्ये परवान्यासाठीची कॅनडातल्या अनुभवाची अट काढून टाकली. १ जानेवारी २०२६ पासून त्या प्रांतात अगदी लहान मालक सोडून बाकीच्यांना नोकरीच्या जाहिरातीत अशी अट घालायलाच कायद्याने बंदी आहे. जर्मनीत परदेशी कारागिराचं प्रशिक्षण तपासून त्यातलं काय मान्य आणि नेमकं काय कमी, हे लेखी कळवतात. जे कमी आहे ते शिकून घेता येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, १० हजार कुशल मनुष्यबळ तिकडे पाठवायचा. आपली मुलं तिथे कुशल म्हणून मोजली जावीत असं आपल्याला वाटतं, आणि ते योग्यच आहे. तीच अपेक्षा सिवानची आई पिरंगुटकडून करते. ती तुम्हाला शेठ म्हणते, तुमचं नावही तिला माहीत नाही, पण तिचा मुलगा तुमच्या भरवशावर इथे आहे.

आपल्याकडे सोयी अगदीच नाहीत असंही नाही. २०१५ पासून पूर्वज्ञानाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सरकारी योजना आहे. शाळेत न गेलेल्या गवंड्यालाही आपलं काम दाखवून त्यातून प्रमाणपत्र मिळू शकतं. पण परीक्षेला एक-दोन दिवस लागतात, आणि सुट्टी घेतली की तुमचा माणूस हजेरी कापतो. हजेरी कापली नाहीत तर दोन दिवसांच्या पगाराइतकं तुमचं नुकसान. त्याच्या बदल्यात एका माणसाची वर्षं त्याला परत मिळतात. हा हिशेब तुम्हाला महाग वाटत असेल, तर तो तुम्ही जगजाहीर करा. लोकांना कळू दे.

माझं मागणं लांबलचक नाही. मस्टर उघडा. प्रत्येक नावापुढे तो माणूस प्रत्यक्ष काय करतो ते लिहा. सुपरवायझरला विचारा, त्याला पाठ आहे. टर्नर तिथे टर्नर, वेल्डर तिथे वेल्डर, इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मुलीला टेस्टिंगच्या टेबलावर एकदा बसवून बघा. जे सोडून गेले त्यांनी दाखला मागितला तर ५६ व्या कलमाप्रमाणे द्या, गावी पत्त्यावर पाठवायला लागला तर पोस्टाने पाठवा. फर्म बदलली असेल तर जुन्या फर्मचा अनुभवही धरून लिहा, कारण दोन्ही तुमच्याच आहेत हे तुम्हाला माहीत आहे आणि आम्हालाही.

दाखल्याचा मसुदा मी तयार करून ठेवलाय. नाव, कालावधी, केलेलं काम, वापरलेली यंत्रं, शेवटचा पगार, सही, शिक्का. येत्या सोमवारपासून जो मुलगा कागद घेऊन माझ्याकडे येईल, त्याच्या अर्जाला तो जोडून तुमच्या ऑफिसात पाठवणार आहे आणि पोचपावती मागणार आहे. पोचपावती मिळाली नाही तर तोच अर्ज सहायक कामगार आयुक्तांकडे जाईल आणि त्यावर तुमच्या फर्मचं नाव असेल. आज ते मी लिहिलेलं नाही.

आपला,
कासार आंबोलीतला एक रहिवासी